लूपचा टेबल रनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी दर उन्हाळ्यात दहा-बारा जणी चौकटीवर लूप विणायला बसतात. गेल्या वर्षीपासून दोन निवृत्त काकाही येतात आणि त्यांचे काठ आमच्यापेक्षा सरळ येतात. वर्ग संपला की प्रश्न सुरू होतात: फोनवर, मंडईत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. साताऱ्याहूनही विचारणा होते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे लिहून ठेवलेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. काकू, हे क्रोशाचं काम की मागाचं?

विणणं मागाचं, कड बंद करणं क्रोशाचं. वीतभर चौकट असते, चारी बाजूंना खिळे. लूप म्हणजे कापडाचं कडं, रबर बँडसारखं ताणणारं. उभे लूप खिळ्यांवर चढवायचे आणि आडवे त्यांच्या खालून-वरून ओढून घ्यायचे. धोटा नाही, फणी नाही, बोटं आणि वाकड्या टोकाचा एक आकडा (हूक) एवढंच.

मूळ प्रकार अमेरिकेतला. तिथे १९३० च्या दशकात मोज्यांच्या गिरण्यांत कापून पडणारी कडी वाया जात. ती मुलांच्या हाती देऊन छोट्या चौकटीवर गरम भांडं धरायची जाड फडकी विणायची टूम निघाली. आपण तेच चौकोन विणतो आणि एकमेकांना जोडून रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध पसरायची लांब पट्टी, करतो. आमच्या सासूबाई याला ‘मोज्यांची वाकळ’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तेच नाव बरोबर आहे.

२. माझं टेबल चार फुटी आहे. किती चौकोन लागतील, किती लूप?

एका बाजूला १८ खिळे असलेल्या नेहमीच्या चौकटीवर (माप प्रश्न ६ मध्ये) विणलेला चौकोन उतरवल्यावर साधारण ६ इंचाचा होतो. एका चौकोनाला १८ उभे आणि १८ आडवे, म्हणजे ३६ लूप.

चार फुटी टेबल ४८ इंच. रुंदीत दोन आणि लांबीत सात चौकोन घेतले तर रनर १२ बाय ४२ इंचाचा होतो आणि दोन्ही टोकांना तीन-तीन इंच टेबल दिसतं. चौकोन १४, लूप ५०४. वर पंधरा-वीस जास्तीचे ठेवा, एखादा तुटतोच.

टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणारा रनर हवा असेल तर लांबीत दहा चौकोन, एकूण २०, लूप ७२०. मला तो आवडत नाही. हे कापड जाड असतं. साडीच्या पदरासारखं पडत नाही, पुठ्ठ्यासारखं उभं राहतं आणि येता-जाता गुडघ्याला लागतं.

३. लूप सांगली-साताऱ्यात कुठे मिळतात?

तयार सुती लूप ऑनलाइन मिळतात, पण बाहेरून आलेले महाग पडतात. दुकानात विचाराल तर बहुतेक वेळा नायलॉनचे केसांचे रबर पुढे येतील. म्हणून आम्ही घरीच कापतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. लोक म्हणतात, इचलकरंजी शेजारी, विटा जिल्ह्यातच, एवढे यंत्रमाग असताना चिंध्यांना काय तोटा? इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसवला, तेव्हापासून त्या गावाने कापडाची ददात पाहिलेली नाही. पण ते कापड मागाचं. उभा धागा, आडवा धागा, ताणलं तर फाटेल पण लांबणार नाही. आपल्याला हवं होजिअरीचं कापड, बनियनसारखं, ज्यात धागा फासांनी गुंफलेला असतो. एक वर्गमैत्रीण मोठ्या उत्साहाने पोतंभर कात्रण घेऊन आली होती. एक पट्टी हातात धरून ओढली आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पोत्याच्या शेवटी पायपुसण्या झाल्या.

मग कुठून आणायचं? घरातून. सुती मोजे, सुती लेगिंगचा गुडघ्याखालचा भाग, पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टच्या बाह्या. यांचा आकार मुळातच नळीचा असतो, आडवं कापलं की कडं तयार. लेगिंगच्या दोन पायांतून वीसेक लूप निघतात, मोज्यातून सहाच्या आसपास. म्हणजे १४ चौकोनांना नुसते मोजे घ्यायचे तर ८४ मोजे! त्यामुळे भावजय, नणंद, शेजारीण सगळ्यांना सांगून ठेवा. एका पायाचा हरवलेला मोजा प्रत्येक घरात असतो आणि कोणी तो टाकत नाही.

४. मोजा किंवा लेगिंग कापायची पद्धत काय? माझे लूप गुंडाळी होऊन जातात.

गुंडाळी व्हायलाच हवी. होजिअरीचं कापड कापून ताणलं की कडा आत वळतात आणि लूप गोल दोरीसारखा दिसतो, कापलेली कड लपते.

कापड आधी धुऊन, वाळवून घ्या. जमिनीवर सपाट पसरा, नळीची शिवण एका बाजूला येऊ द्या. रबराचा पट्टा आणि टाच सोडून द्या, टाचेपाशी नळी वाकडी असते आणि तिथला लूप एका बाजूला रुंद होतो. मग नळीला काटकोनात, उभं नाही तर आडवं, कापत जा. जाड मोज्याला एक इंच रुंदी पुरते, पातळ लेगिंगला सव्वा इंच. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने कड दातरते आणि धुतल्यावर तिथून तंतू सुटतात.

लूप सपाट ठेवून मोजा: साडेचार ते सव्वापाच इंच असेल तर नेहमीच्या चौकटीवर नीट बसतो. त्याहून आखूड लूप ओढून बसवला तर चौकोन उतरवल्यावर फार आकसतो. त्याहून लांब असेल तर सैल लोंबतो. याचे परिणाम प्रश्न ९ मध्ये.

५. कापड सुती आहे की मिसळीचं, हे घरी कसं ओळखू?

एक बारीक तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. सुती कापड कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, मागे बारीक करडी राख उरते. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो. दोन्ही झालं तर मिसळीचं. शाळेचे पांढरे मोजे बऱ्याचदा याच परीक्षेत नापास होतात. नुसत्या शोभेच्या रनरला मिसळ चालते. गरम भांडी ठेवणार असाल तर प्रश्न १६ वाचा.

६. चौकट सुताराकडून करून घेता येईल का? माप द्या.

येईल, आणि बाहेरून मागवण्यापेक्षा बरी. आमच्या सगळ्या चौकटी सागवानाच्या उरलेल्या पट्ट्यांच्या आहेत. प्रत्येक बाजूला १८ खिळे, एकमेकांपासून १ सेंटिमीटरवर, म्हणजे पहिल्या ते शेवटच्या खिळ्यात १७ सेंटिमीटर. समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये १८ सेंटिमीटर. कोपऱ्यात खिळा नको. खिळे बारीक डोक्याचे, लाकडावर दीड सेंटिमीटर वर राहतील असे आणि किंचित बाहेर झुकलेले, नाहीतर लूप सटकतात. सुताराला एवढंच बजावा की कोपरे काटकोनात पाहिजेत. तो म्हणेल, ‘ताई, डोळ्यांनी बघून करतो की!’ त्याला गुण्या लावायला लावा.

आकडा सायकलच्या स्पोकचा उत्तम होतो. टोक वाकवून कानसाने गुळगुळीत करायचं. नाहीतर ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई आहेच.

७. पहिल्यांदाच करतेय. पहिला चौकोन कसा विणू?

वरच्या खिळ्यापासून खालच्या समोरच्या खिळ्यापर्यंत एक-एक लूप चढवा, १८ उभे. प्रत्येक लूपच्या दोन पदरी दोऱ्या जवळजवळ दिसतील, त्या दोन्ही मिळून एक समजायच्या. वेगळ्या करायच्या नाहीत. नवशिक्यांची निम्मी चूक इथेच होते.

मग आकडा उजवीकडून घाला: पहिल्या लूपच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, असं १८ पर्यंत. डावीकडे आकड्याचं टोक बाहेर आलं की त्यात नवा लूप अडकवा आणि आकडा परत ओढून आणा. लूपचं हे टोक उजव्या खिळ्यावर, दुसरं डाव्या खिळ्यावर. पुढच्या ओळीला उलटं: पहिल्याच्या खालून, दुसऱ्याच्या वरून. दर ओळीला बोटांनी आधीच्या ओळीकडे सारा.

सरावाच्या हाताला एका चौकोनाला अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्याला दोन तास लागले तर घाबरू नका, आणि तो रनरमध्ये घालू नका. त्यावर चहाचा कप ठेवा.

८. शेवटच्या दोन-तीन ओळी जातच नाहीत. आकडा अडकतो, बोटं दुखतात.

वरून खाली सलग विणत आलात म्हणून. शेवटची ओळ खिळ्यांना चिकटून येते आणि तिथे उभ्या लूपना हलायला जागाच नसते. त्याऐवजी एक ओळ वरून, एक खालून, असं दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. मध्यभागी उभे लूप सगळ्यात जास्त हलतात, म्हणून शेवटची ओळ तिथे पडली की आकडा सुखाने जातो. फक्त खालून सुरू करताना खालून-वरूनचा हिशेब चुकवू नका: १८ ओळी आहेत, म्हणजे सगळ्यात खालची ओळ सगळ्यात वरचीच्या उलटी.

तरीही जात नसेल तर लूप जाड आहेत. सगळ्या चौकोनाचं काम उसवून पट्टी बारीक कापणं हाच उपाय. मी हे लिहितेय पण मला माहीत आहे, कोणीच उसवत नाही.

९. माझे चौकोन एकसारखे येत नाहीत. एक साडेपाच इंच, एक सव्वासहा. जोडल्यावर चालेल ना?

नाही चालत. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि कारण जवळपास नेहमी एकच: लूपचा ताण वेगवेगळा. चौकटीवर सगळे लूप १८ सेंटिमीटर ताणून बसतात, त्यामुळे तिथे सगळे चौकोन सारखे दिसतात. उतरवले की प्रत्येक लूप आपल्या मूळ लांबीकडे पळतो. चार इंची लूप जास्त पळतो, पाच इंची कमी.

माझा पहिला रनर मी मोज्यांच्या आणि लेगिंगच्या चौकोनांचा आलटून-पालटून केला होता, रंग जुळत होते म्हणून. उतरवल्यावर ओढून-ताणून जोडला, इस्त्री फिरवली, पाहुण्यांसमोर मांडला. पहिल्या धुण्यानंतर त्याची कड कृष्णेच्या काठासारखी वळणं घेत निघाली. तो अजून फ्रिजवर आहे, फ्रिजला तक्रार नसते.

तेव्हापासून मी लूप रंगाने नंतर, लांबीने आधी वेगळे करते. तीन डबे असतात: आखूड, मध्यम, लांब. एका रनरला एकच डबा. एका चौकोनात दोन प्रकारचं कापड आलंच तर आखूड लूप उभ्यात आणि लांब आडव्यात असं सगळ्या चौकोनांत सारखं ठेवा. मग चौकोन थोडा आयताकृती होईल, पण सगळे एकाच दिशेने ठेवले की जुळतील.

पाव इंचापर्यंतचा फरक जोडताना पोटात घेता येतो. त्यापुढे नाही.

१०. चौकटीवरून उतरवताना सगळं सुटतं. कड कशी बंद करायची?

एकटा चौकोन हवा असेल तर क्रोशाच्या साखळीसारखं. कोपऱ्याजवळच्या खिळ्यावरचा लूप आकड्यावर घ्या, शेजारचा घ्या, दुसरा पहिल्यातून ओढून काढा. आकड्यावर एकच राहील. मग तिसरा घ्या, त्यातून ओढा. असं चारी बाजूंनी. बाकीचे लूप खिळ्यांवरच राहू द्या, ज्याची पाळी येईल तोच उतरवा. कोपऱ्यावर वळताना हात सैल सोडा, नाहीतर कोपरा वर उचलला जातो. शेवटी उरलेल्या एका लूपमधून जाड दोरा घालून गाठ मारा आणि टोक मागे लपवा.

रनरसाठी मात्र चौकोन असे चारी बाजूंनी बंद करू नका. प्रश्न ११ आधी वाचा, मग आकडा उचला.

११. चौकोन एकमेकांना जोडायचे कसे? सुई-दोऱ्याने शिवले तर मध्ये जाड सांधा येतो.

बंद केलेले दोन काठ शिवले की चार पदरी बांध तयार होतो आणि त्यावर ताटली डुगडुगते. म्हणून काठ उघडे ठेवून त्यांचीच वेणी घालायची.

चौकोन चौकटीवर असतानाच दाभणात वेगळ्या रंगाची लोकर ओवा आणि चारी बाजूंच्या खिळ्यांवरच्या लूपांतून ती फिरवून घ्या. प्रत्येक लूपमधून गेलीय ना, मोजा: बाजूला १८, एकूण ७२. आता चौकोन उतरवला तरी लूप आत पळत नाहीत. असे सगळे १४ चौकोन तयार करून जमिनीवर मांडा, रंग हवे तसे हलवा, मोबाइलवर फोटो काढा. चौकोन उचलले की मांडणी विसरते, हा अनुभव आहे.

मग दोन चौकोन शेजारी ठेवा. डावीकडचा पहिला लूप आकड्यावर घ्या. उजवीकडचा पहिला त्यातून ओढा. डावीकडचा दुसरा त्यातून ओढा. उजवीकडचा दुसरा, डावीकडचा तिसरा. एक इकडचा, एक तिकडचा, जशी केसांची वेणी घालतो तसं. लोकर फक्त तेवढ्याच लूपांतून सोडवत जा. १८ आणि १८ संपले की आकड्यावर एक लूप उरेल, त्याला सेफ्टी पिन लावून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आधी दोन-दोनच्या सात जोड्या करा. मग जोड्यांच्या लांब कडा एकमेकींना. तिथे ३६ आणि ३६ लूप येतात, आणि मध्यावर आधीच्या वेण्यांची पिनेतली टोकं भेटतात. ती टोकं या वेणीत ओढून घ्या, एका लूपसारखीच. सगळं जोडून झालं की बाहेरची कड प्रश्न १० प्रमाणे साखळीने बंद करा, वाटेत पिनेतला लूप आला की तोही साखळीत घ्या.

वेणी वरच्या बाजूला उठून दिसते. कोणाला ती नक्षी वाटते, कोणाला चूक. मला नक्षी वाटते. नको असेल तर चौकोन पालथे ठेवून वेणी घाला, पण मग सगळ्या वेण्या पालथ्याच घाला.

१२. चार कोपरे मिळतात तिथे भोक पडतं.

पडणारच, कोपऱ्यात खिळा नसतो. मागच्या बाजूने त्याच रंगाच्या सुती दोऱ्याने चारी कोपऱ्यांना एक-एक टाका घेऊन ओढा. दोरा कापडाच्या आतून फिरवून तोडा. भोक फार मोठं असेल तर वेणी घट्ट ओढली गेलीय.

१३. रंग किती घेऊ? सगळे घेतले तर गोधडीसारखं दिसेल का?

दिसेल, आणि त्यात वाईट काय आहे? तरीही पहिल्या रनरला दोनच रंग घ्या, एक गडद एक फिका. दोन रंगांत जी गंमत आहे ती आठ रंगांत हरवते.

उभ्यात एक गडद, एक फिका, असं आलटून-पालटून आणि आडव्यातही तसंच घातलं की चौकडी येईल असं वाटतं. येत नाही. सरळ पट्टे येतात! कारण ज्या ओळीचा आडवा लूप गडद, त्या ओळीत वर डोकावणारे उभेही गडदच असतात. आता उभ्यात मध्येच दोन गडद शेजारी-शेजारी आले, तर तिथून पुढे पट्ट्यांची दिशा फिरते, आडव्याचे उभे होतात. वर्गात ही चूक कोणाकडून तरी होतेच, आणि ती चूकच पुढे नक्षी बनते.

मुद्दाम करायची असेल तर: नऊ खिळ्यांवर गडदने सुरू करून गडदने संपवा (गडद, फिका, गडद... असे पाच गडद, चार फिके). दहाव्यावर पुन्हा गडदने सुरू करा. आडव्यातही तसंच. चौकोनाचे चार भाग पडतात, दोन आडव्या पट्ट्यांचे, दोन उभ्या. एका चौकोनाला २० गडद आणि १६ फिके. १४ चौकोनांना २८० आणि २२४. शेजारचा चौकोनही गडदनेच सुरू होतो, त्यामुळे सांध्यावर परत दोन गडद भेटतात, दिशा परत फिरते आणि नक्षी अख्ख्या रनरभर चालू राहते. जोडताना चौकोन फिरवू नका, एवढंच. प्रत्येकाच्या वरच्या काठाला तेवढ्यापुरता एक लाल दोरा बांधून ठेवा.

१४. दोन गडद-दोन फिके असं केलं तर छान फिरक्या येतात. पण सांध्यावर बिघडतं. का?

१८ ला ४ ने भाग जात नाही. दोन गडदने सुरू केलं की चौकोन दोन गडदनेच संपतो, पुढचाही गडदने सुरू झाला की सांध्यावर चार गडद एकत्र येतात. उपाय सोपा: एक चौकोन गडदने सुरू करा, शेजारचा फिक्याने. लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे हाच क्रम, बुद्धिबळाच्या पटासारखा.

१५. सांधा न घालता एकसंध लांब पट्टी विणता येत नाही का?

येते. चौकोनाची एक बाजू उघडी ठेवायची आणि तिच्या प्रत्येक लूपमध्ये नवा लूप गाठवून तो पुढे ताणायचा, मग त्यावर विणत जायचं. पण गाठीत लूपची लांबी खर्च होते, पुढचा भाग आखडतो, आणि गाठींची एक रांग आडवी उठून दिसते. शिवाय रुंदी चौकटीएवढीच राहते. पेल्याखाली ठेवायच्या अरुंद पट्टीला ठीक. रनरला मी करत नाही.

१६. यावर गरम पातेलं ठेवलं तर चालेल?

शंभर टक्के सुती लूप असतील तर आमटीचं पातेलं, भाताचा टोप खुशाल ठेवा. प्रत्येक लूप दोन पदरी, त्यात खालून-वरून विणलेला, त्यामुळे जाडी चांगली येते. गॅसवरून थेट उतरवलेला कुकर किंवा लोखंडी तवा नको, सनमायकाच्या टेबलावर तर नकोच; विणीच्या फटींतून उष्णता खाली जाते.

लेगिंगच्या कापडात बहुधा लायक्रा असतो. त्याचा रनर शोभेचा समजा आणि गरम भांड्याखाली लाकडी पाट ठेवा. नायलॉनच्या लूपवर गरम भांडं कधीच नाही. ते वितळून भांड्याच्या बुडाला चिकटतं आणि हाताला लागलं तर सोलून निघतं.

१७. हळदीचा डाग पडला. साबण लावला तर लाल झाला! आता?

सांगलीत राहून हळदीपासून सुटका नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या टेबलावर ती भडंगाच्या वाटीतून सांडते.

लाल झाला म्हणून घाबरू नका. हळद साबणाच्या क्षाराने लाल होते, पाण्याने खळबळून काढली की परत पिवळी. आधी तेल घालवा: कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, हलक्या हाताने. मग ओला रनर डागाची बाजू वर करून उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दुपारी पुरतात. गडद रंगाचा रनर असेल तर फार वेळ ठेवू नका, हळदीबरोबर तुमचा निळाही उडेल.

१८. रंग जातोय. मिठाच्या पाण्यात भिजवू का?

सगळ्यांच्या आज्या हेच सांगतात, माझीही सांगायची. पण रंगवून झालेल्या सुती कापडाचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. लाल, मरून, गडद निळं कापड कापण्याआधीच दोन-तीनदा वेगळं धुवा. मग ओलं कापड पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. डाग उठला तर त्याला पांढऱ्या लूपशेजारी बसवू नका, गडद-गडदचा रनर करा.

१९. धुवायचा कसा? साताऱ्याच्या पावसाळ्यात तर दोन दिवस वाळतच नाही.

हाताने, गार पाण्यात. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनाने लांब होतो, म्हणून खाटेवर किंवा जाळीच्या स्टँडवर आडवा पसरा. मशीनमध्ये घालायचाच असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून.

पावसाळ्याचं म्हणाल तर जाड कापड आतून ओलं राहतं आणि कुबट वास धरतं. पंख्याखाली वाळवून शेवटी कोमट इस्त्री द्या. जून ते सप्टेंबर मी रनर घडी करून कपाटात ठेवते आणि टेबलावर वर्तमानपत्र असतं. नवे विकतचे लूप असतील तर पहिल्या धुण्यात रनर थोडा आटेल, जुन्या कपड्यांचे आधीच आटलेले असतात.

२०. वापरताना एक लूप तुटला. सगळं उसवेल का?

लगेच नाही. शेजारचे लूप त्याला धरून असतात. तुटलेली टोकं दोन बोटांत धरा, त्याच रंगाची होजिअरीची पट्टी एका टोकाला दोऱ्याने शिवा आणि जुना लूप ओढत बाहेर काढा, पट्टी त्याच वाटेने आत जाईल. दोन पदर आहेत, म्हणून दोनदा. टोकं मागे शिवून टाका. साखळीच्या कडेतला लूप तुटला असेल तर मात्र आधी दोन्ही बाजूंना सेफ्टी पिन लावा, मग चहा प्या, मग हात लावा.

२१. मुलांना जमेल?

सात-आठ वर्षांच्या पुढे आरामात. स्पोकचा आकडा देऊ नका, प्लास्टिकची क्रोशाची सुई द्या. रनरची अपेक्षा ठेवू नका, त्यांचे चौकोन आजीच्या देव्हाऱ्यात समईखाली जातात.

२२. मोठी, १० इंची चौकट घेतली तर काम लवकर होईल?

चौकोन कमी, पण काम तेवढंच. मोठ्या चौकटीला बाजूला २७ खिळे, एका चौकोनाला ५४ लूप. चौकोन आठ इंचांच्या आसपास येतो, तेव्हा एकाच ओळीत सहा चौकोनांचा ८ बाय ४८ इंचाचा सडपातळ रनर होतो, ३२४ लूपमध्ये. लांब सांधा नाही, हा खरा फायदा. अडचण लूपची: मोज्याचा लूप तिथपर्यंत पोचतच नाही, लेगिंगचा मांडीकडचा भाग किंवा बाहीचा वरचा भाग लागतो. आणि २७ विषम आहे, त्यामुळे प्रश्न १३ आणि १४ मधले आकडे तिथे लागू नाहीत.

२३. बचत गटातर्फे विकायचे आहेत. परवडेल?

१४ चौकोन, प्रत्येकी पाऊण तास, वर कापणं आणि जोडणं. पंधरा तासांच्या खाली रनर होत नाही. गिऱ्हाईक सोलापुरी टॉवेलच्या किमतीशी तुलना करतं. सुटे चौकोन चार-चारच्या संचात जातात. रनर ऑर्डर आली तरच, आणि अर्धे पैसे आधी.

२४. तेरा चौकोन झाले आणि निळे लूप संपले. तसाच निळा कुठेच मिळत नाहीये.

चौदावा चौकोन वेगळ्या रंगाचा करून कोपऱ्यात ठेवू नका, तो आयुष्यभर डोळ्यांत खुपेल. त्याऐवजी एक तयार चौकोन सोडवून त्याचे निळे परत घ्या. कड लोकरीवर असेल तर पाच मिनिटांचं काम. मग ते निळे आणि नवा एखादा रंग, समजा पिवळा, निम्मे-निम्मे घेऊन दोन चौकोन विणा आणि रनरच्या दोन टोकांना समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा. आमच्या एका काकांनी असंच केलं, आणि आता वर्गात सगळ्यांना तो पिवळा कोपरा हवा असतो.